आवाज लवकर यावा म्हणून

बाबांचं स्वरयंत्र काढलं त्याला आता चार वर्षं झाली. घशाचा कॅन्सर होता. ऑपरेशननंतर बाबा वाचले, बोलणं मात्र गेलं. मानेच्या खालच्या भागाला पुढून एक भोक, त्यात बोटाएवढी नळी, आणि त्या नळीतून श्वास. नाकातोंडाचा श्वासाशी काही संबंध उरला नाही. जेवतानाही ज्यांची बडबड थांबत नाही म्हणून आई जन्मभर कावली, ते बाबा आता रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत बसून कीबोर्डवर बोलतात.

कीबोर्ड त्यांना नवा नव्हता. आमचं मूळ गाव वर्ध्याकडचं. बाबा रेल्वेत लागले, रायपूरला आले आणि इथलेच झाले. सगळी नोकरी त्यांनी हिंदी टायपिंगवर काढली. हातात पेन धरला की त्यांचा हात थरथरतो, अक्षर कोणालाच लागत नाही. पण दहा बोटं कीबोर्डवर टेकली की थरथर थांबते. हे मी रोज पाहते आणि मला अजून त्याचं नवल वाटतं.

हॉस्पिटलमध्ये बोलायचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एक सीडी आणून दिली. जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीनं टाइप केलेलं सगळं तो प्रोग्राम मोठ्यानं वाचून दाखवायचा. पुरुषाचा, जरा जाडसर, शांत आवाज. आवाज हिंदी, त्यामुळे त्याला ळ म्हणता येत नसे. बाबा "जवळ ये" लिहीत आणि खोलीतून "जवल ये" ऐकू येई. सुरुवातीला आम्ही हसायचो. मग तोच बाबांचा आवाज झाला. अशी सोय मोबाइलवरही असते, माझ्या मुलीनं ती बसवून दिली होती. पण त्यात बाईचा आवाज होता, आणि काचेवर बाबांचं थरथरतं बोट एका वेळी तीन-तीन अक्षरं दाबायचं. दोन दिवसांत त्यांनी मोबाइल बाजूला सारला.

अडचण होती कॉम्प्युटरची. मुलगी शाळेत असताना घेतलेला तो. सकाळी मी बटण दाबून अंघोळीला जायची, बाहेर येईपर्यंत तो जेमतेम जागा झालेला असायचा. पुढे पुढे बाबांनी वाक्य टाइप करून एंटर दाबलं की आवाज यायला दहा, पंधरा, कधी वीस सेकंद लागू लागले. नवा कॉम्प्युटर घ्यायचा विचार केला होता. मुलीनं तिच्या लॅपटॉपवर ती सीडी लावून पाहिली आणि सांगितलं, "मम्मी, नए में ये चलता ही नहीं. और कहीं मिलता भी नहीं है." त्या बाईंचीही बदली झाली होती. म्हणजे बाबांचा आवाज त्या एका जुन्या डब्यात होता, आणखी कुठेच नव्हता. तेव्हा मी ही गोष्ट ऐकली आणि विसरले. वीस सेकंदांची आम्ही सवय करून घेतली होती.

वीस सेकंद म्हणजे किती, ते मला गेल्या एप्रिलमध्ये कळलं.

रायपूरचा एप्रिल म्हणजे खिडकीतून येणारी हवासुद्धा तव्यावरून आल्यासारखी. नळीतून श्वास घेणाऱ्या माणसाला कोरडी हवा फार वाईट. कफ सुकतो, नळीत त्याची खपली धरते आणि वाट बंद होते. म्हणून गळ्यावर ओलं फडकं, दिवसातून चारदा वाफ, आणि कफ ओढून घ्यायचं एक छोटं मशीन सतत पलंगाजवळ. त्या सकाळी मी स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होते. बाबांच्या टेबलावरची घंटी वाजली. ती दिवसभर वाजायची. चहासाठी, पेपरसाठी, कुलरमध्ये पाणी टाक म्हणून. मी म्हटलं, "आली, आली!" पुन्हा वाजली. "बाबा, फोडणी जळून राहिली, थांबा न जरा!"

घंटी थांबली. मला वाटलं, समजले. मी वरण ढवळलं, झाकण ठेवलं, हात धुतले. आणि तेव्हा पुढच्या खोलीतून तो जाडसर आवाज आला, कसलीही घाई नसलेला:

"कफ अडकला. जवल ये."

मी धावले. बाबांचे ओठ जांभळे पडले होते. दोन्ही हातांनी त्यांनी टेबलाची कड धरली होती, खांदे वरखाली होत होते आणि नळीतून केसासारखी बारीक शिट्टी येत होती. मी नळीच्या आतली, धुवायची दुसरी नळी काढली, मशीन लावलं, खपली निघाली. बाबांनी पहिला पूर्ण श्वास घेतला तेव्हा मी तिथेच फरशीवर बसले. स्क्रीनवर ते वाक्य अजून दिसत होतं. दम कोंडलेला असताना त्यांनी ते लिहिलं होतं, एकही चूक न करता, आणि एंटर दाबून वाट पाहत बसले होते.

त्या दिवसापासून मला भीती बसली. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. मी शाळेत असताना खालच्या मजल्यावरच्या काकू बाबांजवळ बसतात. नवऱ्याची नोकरी जगदलपूरला, तो महिन्यातून दोनदा येतो. मुलगी भिलाईला होस्टेलवर. म्हणजे घरी असताना कान फक्त माझे. मी नळ बारीक सोडून भांडी घासायला लागले. मिक्सर लावायचा तर आधी जाऊन बाबांना पाहून यायची. खोली शांत असली तरी भीती वाटायची, आणि आवाज आला तरी भीती वाटायची की हा आवाज किती वेळापूर्वीचा.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "उसकी सेटिंग बदल के देखो न मम्मी. पुराना सिस्टम भी थोड़ा फास्ट हो जाता है. यूट्यूब पर सब है." मी विचारलं, "मले जमन का?" ती म्हणाली, "अरे, आराम से."

त्या रविवारी सकाळी मी मोबाइल टेबलावर टेकवून ठेवला, एका भल्या माणसाचा हिंदी व्हिडिओ लावला आणि बाबांच्या खुर्चीवर बसले. बाबा शेजारी स्टुलावर. तो माणूस एकेक सांगायचा, मी व्हिडिओ थांबवून एकेक करायची. कॉम्प्युटर सुरू होताना मागे गुपचूप सुरू होणारे प्रोग्राम बंद केले. त्यात मुलीच्या जुन्या परीक्षांच्या तयारीचं काहीतरी होतं, कधीच काढून टाकलेल्या प्रिंटरचं काहीतरी होतं. पडद्यावर खिडक्या उघडताना जी सावली पडते, त्या सरकत येतात, ती सगळी सजावट बंद केली. पडदा एकदम रुक्ष, सरकारी ऑफिससारखा दिसायला लागला. साठलेला कचरा काढला. मग रीस्टार्ट केलं आणि बाबांना खुर्ची दिली.

त्यांनी लिहिलं, एंटर दाबलं. मी मनात मोजत होते. चारपर्यंत पोचले आणि आवाज आला: "काही फरक पडला?"

"पडला न बाबा! चार सेकंद!"

बाबांचे डोळे मोठे झाले. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा चार. मग त्यांच्या तोंडावर हसू आलं आणि त्यांनी टाइप केलं, "अजून कर."

इथे थांबायला हवं होतं. पण मला ते चारही नको होते. एकेक सेकंद किती मोठा असतो ते मी पाहिलेलं होतं. मी पुन्हा खुर्चीवर बसले, कीबोर्ड ओढला आणि पुढचा व्हिडिओ लावला. हा माणूस वेगळा होता, फार घाईत बोलायचा. त्यानं एक चौकट उघडायला सांगितली, जिच्यात कॉम्प्युटरनं सुरू होताना किती मेमरी वापरायची ते ठरवता येतं. आपल्या मशीनमध्ये जेवढी आहे तेवढा आकडा भरा, म्हणजे ते पूर्ण ताकद लावेल, असं तो म्हणाला. ते तसं नसतं हे मला नंतर समजलं. आमच्या मशीनचा आकडा होता २०४८. मी तो भरला. त्या क्षणी बाबांचा हात माझ्या खांद्यावर आला. मी म्हटलं, "थांबा बाबा, झालंच." हातानं खांदा जरा दाबला. "एक मिनिट म्हणते न!" आणि मी रीस्टार्टवर क्लिक केलं.

पडदा काळा झाला. मग पांढरी पट्टी फिरली, काही इंग्रजी अक्षरं आली आणि गेली. पुन्हा काळा. पुन्हा पट्टी. मी वाट पाहिली. बटण दाबून बंद केलं, पुन्हा सुरू केलं. तेच. पाच वेळा, सहा वेळा. कुलर चालू असून माझ्या पाठीवरून घाम उतरत होता.

बाबा उठून माझ्या बाजूला आले. मी खुर्ची सोडली, का कोण जाणे. ते बसले, सवयीनं बोटं टेकवली, काळ्या पडद्यासमोर भराभर काहीतरी टाइप केलं आणि एंटर दाबलं. आणि स्पीकरकडे पाहत बसले. आम्ही दोघंही त्या स्पीकरकडे पाहत होतो. मला माहीत होतं की काही येणार नाही. त्यांनाही माहीत असणार. तरी ते पूर्ण वीस सेकंद थांबले.

मी मुलीला फोन लावला. तिनं एक-दोन गोष्टी करायला सांगितल्या, सेफ मोड म्हणून काहीतरी, त्यातही ते सुरू होईना. मग समता कॉलोनीतल्या एका दुकानात फोन केला, तिथून मागे कधीतरी माउस घेतला होता. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारना पड़ेगा."

"फॉरमॅट म्हणजे, उसमें जो है वो..."

"सब उड़ जाएगा. नया सिस्टम डाल देंगे, एकदम मक्खन चलेगा."

माझ्या हातातला फोन स्पीकरवर होता. मी मागे वळून पाहिलं. बाबांनी शब्दन् शब्द ऐकला होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर सगळं समजावून सांगत होते तेव्हाही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. तेव्हा ते डॉक्टरांनाच विचारत होते, "मग मी भांडू कसा?" आता त्यांनी हात वर केला, बोटं माझ्याकडे केली, हलवली. ते काही सांगत होते. मला कळेना. त्यांनी हॉस्पिटलमधून आणलेली पांढरी पाटी घेतली, जाड पेन घेतला, पण हात इतका थरथरत होता की पाटीवर नुसती गुंतवळ झाली. मी म्हटलं, "बाबा, काही होत नाही. मी करून आणते न सगळं नीट." मी खोटं बोलत होते आणि त्यांच्याकडे नीट पाहतही नव्हते, कारण पाहिलं असतं तर मला रडू आलं असतं.

तेवढ्यात मुलीचा पुन्हा फोन आला. गुढियारीत एक दीदी आहेत, तिच्या मैत्रिणीचा बंद पडलेला लॅपटॉप त्यांनीच जिवंत केला होता, रविवारीही दुकान उघडं असतं. मी सीपीयू जुन्या चादरीत बांधला. काकू नेमक्या लग्नासाठी गावी गेलेल्या. बाबांना एकटं ठेवून जायचं होतं. मी आतली नळी धुऊन बसवली, मशीनचा प्लग तपासला, फडकं ओलं केलं, पाणी ठेवलं. त्यांचा मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि दोनदा समजावलं, "मी फोन करन. एकदा टकटक केलं म्हणजे ठीक. दोनदा केलं म्हणजे ये. समजलं न?" बाबांनी माझं मनगट धरलं. सोडेनात. मी हलकेच त्यांची बोटं सोडवली आणि जिना उतरले. आज मला ती बोटं सोडवल्याची फार लाज वाटते.

ई-रिक्षात चादरीचं गाठोडं मांडीवर धरून मी पहिला फोन केला. उचलला गेला. काहीच नाही. मग नळीतला श्वास ऐकू आला, आत, बाहेर, जरा घरघर. "बाबा? ठीक हाय न?" श्वास. पुन्हा श्वास. मी फोन कानात घुसवला. मग एक टक. मी डोळे मिटले. गुढियारीच्या पुलाखाली मालाचा ट्रक अडकलेला, पोती उतरवून घेत होते, हॉर्न वाजत होते. माझा जीव मागे घरी होता. मांडीवरचं गाठोडंही घरच होतं, बाबांचा आवाज घेऊन मी भर उन्हात रस्त्यात अडकले होते. पडला तर? आदळला तर? मी दोन्ही हातांनी तो डबा असा धरला होता की रिक्षावाला भैया म्हणाला, "इसमें क्या है दीदी, बच्चा है क्या?"

दुकान म्हणजे घराच्या पुढच्या भागात एक खोली, भिंतभर जुन्या मशीनांचे सांगाडे. दीदी चाळिशीच्या, पदर खोचलेला, डोळ्यांवर चष्मा. मी सगळं एका दमात सांगितलं. व्हिडिओ, मेमरी, रीस्टार्ट, आवाज, बाबा, सीडी. पण नेमकी काय चूक झाली ते मला माहीतच नव्हतं, त्यामुळे तेवढं सोडून सगळं सांगितलं. त्यांनी गाठोडं सोडलं, तार जोडली, तोच काळा पडदा पाहिला. "हव," त्या होकारार्थी मान हलवून म्हणाल्या, जणू ओळखीचं माणूस भेटलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "झन डर्रावव, दीदी." भिऊ नका. "देखते हैं. नहीं हुआ तो फॉरमॅट तो है ही."

"फॉरमॅट नाही!" मी ओरडलेच. "उसमें मेरे पिताजी की आवाज है."

त्या काही बोलणार, तोच माझा फोन वाजला. बाबांचा. मी उचलला.

टक. टक.

"बाबा?" टक टक. टक टक. टक टक. थांबेचनात.

मी दीदींना काय म्हटलं आठवत नाही. डबा तिथेच टाकून मी रस्त्यावर आले आणि समोर आलेल्या पहिल्या रिक्षात बसले. त्या रस्त्याचं मला काही आठवत नाही, फक्त एवढंच आठवतं की मी फोन कट केला नव्हता आणि कानात श्वास ऐकत होते. श्वास होता तोवर बाबा होते. मध्येच गाड्यांच्या गोंगाटात तो ऐकू येईनासा झाला. मी रिक्षातून उतरून धावायला निघाले असते, पण ती धावण्यापेक्षा जोरात जात होती. जांभळे ओठ डोळ्यांसमोर येत होते. मनात मी नळी काढत होते, मशीन लावत होते, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी उशीर झालेला असायचा.

जिना चढताना पायरी चुकली, गुडघा फुटला. दार उघडंच होतं. बाबा टेबलापाशी बसले होते. ओठ नेहमीच्या रंगाचे. श्वास सुरळीत. एका हातात फोन, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी पाटी माझ्यासमोर धरली. तिच्यावर एकच आकडा, पाटीभर मोठा, वेडावाकडा:

८

माझा तोल गेला. "काय हाय हे?" मी ओरडले. "दोनदा काहून वाजवलं तुम्ही? मले वाटलं... तुम्हाले समजते का मले काय वाटलं?" बाबांवर मी आयुष्यात कधी तशी ओरडले नव्हते.  बाबा दचकले, पण पाटी खाली केली नाही. त्यांनी दुसऱ्या बोटानं आकड्यावर टकटक केलं. मग टेबलाकडे, कीबोर्डकडे, कीबोर्डवरच्या आठच्या बटणाकडे बोट नेलं आणि ते दाबून दाखवलं. बटण अर्ध्यात अडलं. पुन्हा जोर लावला तेव्हा खाली गेलं.

तेव्हा मला समजलं. आठचं बटण घट्ट झालेलं. मी २०४८ टाइप केलं, पण शेवटचा आठ उठलाच नव्हता. चौकटीत राहिलं होतं २०४. ज्या मशीनला सुरू व्हायलाच त्याच्या कितीतरी पट मेमरी लागते, त्याला मी दोनशे चारवर बांधून टाकलं होतं. आणि बाबांनी ते तेव्हाच पाहिलं होतं. नोकरीभर चुकलेली अक्षरं शोधणारा माणूस तो. त्यांनी माझा खांदा दाबला होता. कीबोर्ड माझ्या हातात होता, म्हणजे त्यांची वाचा माझ्या हातात होती, आणि मी त्यांना म्हटलं होतं, एक मिनिट.

मी मुलीनं दिलेल्या नंबरवर दीदींच्या दुकानात फोन लावला. "दीदी, फॉरमॅट मत करना! नंबर गलत डल गया था. दो सौ चार डल गया."

 मग त्या हसल्या. "अरे, अतकेच बात हे! बाहर की सीडी से चालू करके वो लिमिट हटा देती हूँ. रुको, फोन मत रखो."

मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. आम्ही दोघं त्याच्याभोवती बसलो. पलीकडून बटणांची खटखट ऐकू येत होती. बाबांनी पाटी पुसली आणि पुन्हा काहीतरी लिहू लागले. फार वेळ लागला. एकेक अक्षर ते थांबून, श्वास घेऊन काढत होते, आणि मी ते वळणावळणानं वाचत होते. शेवटी दोन शब्द झाले. भीती वाटली.

माझ्या बाबांनी हे दोन शब्द कधी उच्चारलेले मी ऐकले नव्हते. ना आईच्या शेवटच्या आजारात, ना स्वतःच्या. मी विचारलं, "एकटं वाटलं?" त्यांनी मान हलवली, नाही. फोनकडे बोट केलं, मग हाताचा पंजा पाटीवरून फिरवून सगळं पुसल्यासारखं केलं. मी परत येईपर्यंत ते लोक सगळं पुसून टाकतील, याची भीती. सांगायला आपल्यापाशी काहीच नाही, याची भीती.

"मलेही वाटते, बाबा," मी म्हटलं. "रोज वाटते. भांडे घासताना पण वाटते." बाबांनी माझ्या फुटलेल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि आपल्या गळ्यावरचं ओलं फडकं काढून त्यावर ठेवलं. फडकं गळ्यावरच हवं होतं, पण मी ते लगेच उचललं नाही.

पलीकडून एक ओळखीची धून वाजली, कॉम्प्युटर जागा झाल्याची. मग दीदींनी तो प्रोग्राम उघडला असावा. त्यांनी काहीतरी टाइप केलं, आणि आमच्या टेबलावरच्या फोनमधून, दूरवरून, पत्र्यासारखा बारीक झालेला तो जाडसर आवाज आला: "नमस्ते." बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

ऊन उतरायच्या आत दीदी स्वतः सीपीयू घेऊन घरी आल्या. मला पुन्हा बाबांना सोडून जायचं नव्हतं, आणि त्यांनी तसं बोलावलंही नाही. जुनी डिस्क तशीच्या तशी त्यांनी एका नव्या, वेगवान डिस्कवर उतरवली होती आणि जुनी कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली. "ये अलमारी में रखना. कुछ हुआ तो इसमें सब है." नवा कीबोर्डही त्यांनी आणला होता. मी विचारलं, सेटिंग बदलून मी मूर्खपणा केला का. त्या म्हणाल्या, पहिल्या व्हिडिओतलं सगळं बरोबर होतं. "बस, मेमरी वाला हाथ नहीं लगाना था."

आता आवाज एका सेकंदात येतो. पण खरा फरक दुसऱ्याच दिवशी पडला. तो कॉम्प्युटरमुळे नाही. मी बाबांना म्हटलं, कफाचं मशीन तुम्ही स्वतः लावायला शिका. इतकी वर्षं ते मीच करत होते, त्यांचा हात थरथरतो म्हणून. बाबांनी आधी नाही म्हटलं. मग आरसा मागितला. पहिल्या दिवशी मशीनची नळी भोकाजवळ नेतानाच हात इतका हलला की मी धरायला पुढे झाले, आणि त्यांनी कोपरानं मला मागे सारलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोपर टेबलावर टेकवून, मनगट दुसऱ्या हातानं दाबून धरून ते जमवलं. मशीन घरघरलं, कफ निघाला.

आता ते दिवसातून दोनदा स्वतः करतात. मी दारात उभी राहते. हात पुढे जाऊ नयेत म्हणून पदर दोन्ही मुठींत धरते. भीती गेलेली नाही. नळी आत जाते, बाबांचे डोळे आरशात मोठे होतात, तेवढा वेळ माझाही श्वास थांबतो. मग ते नळी बाहेर काढतात, पुसतात, डब्यात ठेवतात, आणि मी स्वयंपाकघरात जाते.